घोड्याखालचं वासरू

पदक चांदीचं आहे. उभट, वरच्या बाजूला देवळीच्या कमानीसारखं वळलेलं, रुंदीला चार सेंटिमीटरांहून जरा कमी. जुन्या रुपयापेक्षा अंगानं मोठं पण त्याहून बरंच पातळ. मध्ये घोडेस्वार आहे. उजव्या हातात उगारलेली तलवार, डाव्या हातात लगाम, डोईला पागोटं. डोक्याच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर. घोड्याचा पुढचा पाय उचललेला आणि त्याच्या पोटाखाली एक छोटं जनावर. अक्षर एकही नाही, सालही नाही. पाठीमागून बघितलं तर हेच चित्र उलटं, खोलगट उमटलेलं. माथ्यावर कडी आहे, आणि त्या कडीच्या आत दोऱ्यानं घासून घासून चर पडलेली आहे.

हे पदक वडिलांच्या आत्याचं. सगळं गाव तिला माई म्हणायचं. माईच्या मागं राहिलेल्या वस्तूंत थोडं किडूकमिडूक होतं, ते वाटलं गेलं. हे मात्र कुणी मागितलं नाही आणि कुणी टाकलंही नाही. घरात सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, "खंडोबा आहे." त्यांचंही खरंच. मराठवाड्यात घोड्यावरचा तलवारधारी देव दिसला की दुसरं नाव तोंडात येतच नाही. नांदेडकडं माळेगावची जत्रा, तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग, संभाजीनगरच्या कडेला सातारा गाव. आमच्याकडं चंपाषष्ठीला तळी भरतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची प्रतिमा, आहेच.

तोच टाक मी या पदकाशेजारी ठेवला. टाकावर देवाच्या सोबत घोड्यावर म्हाळसा बसलेली आहे. देवाला चार हात आहेत, खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र घेतलेले. घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे आणि खाली दैत्याचं मुंडकं. ठसा झिजलेला असला तरी यातलं काही ना काही हाताला लागतंच. माईच्या पदकावरचा स्वार एकटा आहे. हात दोनच. दैत्य नाही. घोड्याखालचं ते जनावर तेवढं आहे, आणि ज्यांनी ज्यांनी पदक पाहिलं त्यांनी त्याला कुत्रा म्हणून मान्य करून टाकलं होतं.

मग जोतिबा का नाही, असं दादा म्हणाला. दादा माझा चुलतभाऊ. धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं मूळ घर, शेत आणि देव्हारा तोच सांभाळतो. शंका चांगली होती. जोतिबाही घोड्यावर असतो आणि एकटा असतो. चैत्र पौर्णिमेला आपल्याकडची माणसं वाडी रत्नागिरीला पिढ्यान्‌पिढ्या जातात. पण जोतिबालाही हात चारच. देवाला माणसापेक्षा जास्त हात देणं ही आपल्या सोनारांची आणि पाथरवटांची पक्की रीत आहे. दोन हातांचा, पागोट्यातला, साधा लगाम धरलेला स्वार घडवताना कारागिराच्या मनात देव होता की माणूस, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत दहा पटींचं भिंग आहे, त्याखाली पदक धरलं. ऊन तिरपं पडेल असं खिडकीत धरावं लागतं. वरून सरळ उजेड पडला की उठाव सपाट दिसतो. घोडा, स्वार, सूर्य, चंद्र हे सगळं पत्र्यातून वर आलेलं, कडा गोलसर. ते जनावर मात्र तसं नव्हतं. ते वर आलेलंच नव्हतं. पत्र्यावर बारीक कलमानं ओढलेल्या रेघा होत्या त्या. चार पाय, लांब शेपूट, शेपटीच्या टोकाला गोंडा. खांद्यावर वशिंडाचा लहानसा उंचवटा. डोक्यावर दोन बारकी टोकं, ती कान म्हणून सोडून देता आली असती, पण कान त्यांच्या खाली वेगळे काढले होते. गळ्याखाली लोंबती पोळी. कुत्र्याला पोळी नसते आणि वशिंडही नसतं. वासरू होतं ते.

टाक कसा होतो हे ठाऊक असलं की या रेघांचं मोल कळतं. सोनाराकडं पितळेचे किंवा पंचधातूचे ठसे असतात. खंडोबाचा, भवानीचा, भैरोबाचा, वीराचा. पुष्कळदा हे ठसे बापाकडून मुलाकडं आलेले असतात. चांदीचा पत्रा भाजून मऊ करायचा, ठशावर ठेवायचा आणि वरून शिसं ठेवून ठोकायचा, म्हणजे पत्रा ठशाच्या खळग्यात शिरतो. म्हणून टाक पुढून उठावदार आणि मागून पोकळ. नाणं तसं नसतं. नाण्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी मुद्रा एकाच घावात उमटवलेली असते. ओतीव वस्तू आणखी वेगळी. तिच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. माईचं पदक हे ठशावर ठोकलेला टाक आहे, एवढं मागची बाजू पाहूनच ठरलं. पण ठसा सगळ्या गावाचा असतो. वासरू ठशात नव्हतं. टाक तयार झाल्यावर कुणीतरी सोनाराला सांगितलं की याच्या घोड्याखाली वासरू काढा, आणि त्यानं कलम घेऊन ते हातानं काढलं.

मधल्या काळात भाच्यानं पदकाचा फोटो कुणाकुणाला पाठवला होता. उत्तरं आली ती अशी की ही रामटंका आहे, अठराव्या शतकातली आहे, लाखो रुपयांची आहे, आणि घासून बघा, तांदूळ ओढतं का पाहा. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या भागात या नादात लोकांच्या जमिनी गेलेल्या आहेत.

रामटंका ही खरी गोष्ट आहे. दर्शनी बाजूला सिंहासनावर राम-सीता, भोवती भाऊ, पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला वनवासातले धनुर्धारी राम-लक्ष्मण. व्यवहारात चालणारं नाणं नव्हे ते. देवळात अर्पण करायला, घरच्या पूजेत ठेवायला, तीर्थयात्रेची खूण म्हणून जपायला ती पाडली जात. जुन्या, सोन्याच्या आणि वाटीसारख्या खोलगट रामटंका दुर्मीळ आहेत. पण बाजारात शेकड्यानं मिळणाऱ्या ज्या पितळी आणि चांदीचं पाणी दिलेल्या आहेत, त्यांवर राम, लक्ष्मण, जानकी, हनुमान ही नावं मोडक्यातोडक्या नागरीत असतात आणि साल म्हणून ५१७४० असा आकडा. शक घ्या, संवत घ्या, हिजरी घ्या, एवढं मोठं साल यांतल्या कुठल्याही गणनेत अजून उजाडलेलं नाही. दुसरा प्रकार ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचा. एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत अर्धा आणा आणि १८१८. कंपनीनं १८३५ पासून सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी काढली, त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल यांची नाणी वेगवेगळी होती. कंपनीनं देवांच्या मुद्रा पाडल्याच नाहीत असं नाही. मद्रासकडच्या तिच्या सोन्याच्या होनांवर देव आहेत, कारण त्या मुलखात तसंच नाणं चालत होतं. पण १८१८ चा राम दरबाराचा अर्धा आणा तिच्या कुठल्याच टाकसाळीत पडलेला नाही. आणि तांदूळ ओढणारं नाणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. चांदी, तांबं, पितळ यांतला एकही धातू तांदळाच्या दाण्याला ओढत नाही. हे मी वर्गात मुलांसमोर करून दाखवते, आणि दरवेळी एखादा मुलगा घरी जाऊन वडिलांना सांगतो. ते सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

फोटोवाल्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण नाणं आणि देव आपल्याकडं खरोखरच हातात हात घालून चालत आले आहेत. देवगिरीच्या यादवांची पद्मटंका आपल्याच मातीतली. सोन्याची, वाटीसारखी, मधोमध कमळ, भोवती राजाच्या नावाचे छोटे ठसे. विजयनगरच्या राजांनी होनांवर उमा-महेश्वर आणि लक्ष्मी-नारायण बसवले. अकबरानं आपल्या अखेरच्या काळात धनुर्धारी पुरुष आणि मागोमाग चालणारी स्त्री अशी मुद्रा पाडली आणि वर नागरीत राम-सीतेचं नाव घातलं. आणि नाणं गळ्यात घालायची हौस तर त्याहून जुनी. तेरला रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातलं तगर नगर, म्हणजेच जुनं तेर, समोर मांडलेलं आहे; त्या काळात रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला करून दोऱ्यात ओवून घालत असत. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळही परदेशी नाण्यातच आहे. व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावर तिथल्या संताच्या पुढ्यात गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता. इथल्या सोनारांनी त्याची नक्कल करता करता त्या आकृत्या आपल्याशा करून टाकल्या. तेव्हा घोडेस्वाराचं पदक बघून कुणाला नाणं वाटलं यात नवल नाही. पाठ उलटून बघितली असती तर वाटलं नसतं.

आता धातू. अंबाजोगाईच्या सराफ्यात आमच्या घराचे ठरलेले सोनार आहेत, त्यांच्याकडं हजारांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. त्यांनी आधी आपल्या रिवाजाप्रमाणं कसोटीचा दगड काढला. मी म्हटलं, "काका, घासू नका. पाण्यात तोलून बघू." त्यांना गंमत वाटली, पण काटा दिला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग वस्तू दोऱ्यानं पाण्यात अधांतरी सोडायची. तळाला किंवा काठाला टेकू द्यायची नाही. काटा जो आकडा दाखवील तेवढ्या वजनाचं पाणी वस्तूनं बाजूला सारलं. हवेतल्या वजनाला त्यानं भागलं की धातूची घनता निघते. टाकाच्या पोकळ पाठीत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाणी उकळून थंड केलेलं घेतलं आणि मऊ ब्रशनं पाठ पाण्यातच पुसून घेतली. हवेत वजन १०.८६२ ग्रॅम. बाजूला सारलेलं पाणी १.०६९. भागाकार १०.१६.

शुद्ध चांदीची घनता १०.४९. जर्मन म्हणून विकतात त्या तांबं-जस्त-निकेलच्या मिश्रणाची साडेआठ-पावणेनऊच्या आसपास. म्हणजे चांदी तर आहेच, पण तांब्याचा मिलाफ बराच आहे. किती, तेही काढता येतं. इंग्रजी रुपया, ज्याला आपल्याकडं कलदार म्हणत, त्यात १००० भागांत ९१७ भाग चांदी होती. त्याची घनता १०.३४ येते. निजामाच्या हाली रुपयात १००० भागांत ८१८ भाग चांदी. बाकी तांबं धरून हिशेब केला की घनता येते १०.१७.

मी तो आकडा कागदावर दोनदा मांडला. काकांनी चष्मा वर करून विचारलं, "मग?" म्हटलं, "हाली आटवून केलंय." ते लगेच म्हणाले, "मग काय तर! तेव्हा चांदी काय सराफाकडून घ्यायचे का? रुपये आणून द्यायचे, आटवा आणि करा." एका हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम. त्यातली आटणीतली घट आणि इतक्या वर्षांची झीज वजा करा, कडीचं वजन त्यात मिळवा, हाती एका रुपयाचाच टाक राहतो. चारमिनारची मुद्रा आणि फारसी अक्षरं असलेला एक रुपया मुशीत गेला आणि पागोट्यातला स्वार होऊन बाहेर आला. शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली मोजावे लागायचे. दोन्हींतल्या निव्वळ चांदीचा हिशेब केला तरी जवळजवळ तेच प्रमाण येतं. ज्या घरानं हा टाक केला त्या घरात कलदार नव्हते. निजामाच्या राज्यातलं, डोंगरकपारीचं, कोरडवाहू शेताचं घर. एक रुपया मोडणं म्हणजे काय होतं त्या घराला, ते मला काट्यावरच्या आकड्यातून पहिल्यांदा कळलं.

मग उरली झीज. देव्हाऱ्यातले टाक कसे झिजतात ते आपण रोज बघतो. दररोजचं स्नान, सणाला चिंच-रांगोळीनं घासणं, कपाळावर बोटानं कुंकू लावणं. सगळ्यात आधी नाक जातं, मग चेहरा, मग हातातलं शस्त्र. खळग्यांत मात्र कुंकवाचा लालसर थर घट्ट बसलेला असतो. माईच्या पदकावर चेहरा शाबूत आहे. मिशीचा आकडा दिसतो. खळग्यांत कुंकू नाही, नुसता काळा गंज, चांदीवर गंधकानं चढतो तसा. उलट पाठीमागची कड, जी छातीला लागते, ती काचेसारखी गुळगुळीत झालेली आहे. कडीतली चर मी आधी सांगितलीच. म्हणजे हा टाक देव्हाऱ्यात बसलाच नाही, किंवा फार थोडा बसला. तो घातला गेला. आयुष्यभर. झंपराच्या आत, अंगाला लागून.

दादाच्या घरचे देव बघायला गेले तेव्हा वहिनींनी ताम्हनात सगळे टाक काढून दिले. त्यांच्या मनात नवरात्राआधी देव नवे करायचे होते. "देव पार झिजलेत ताई, चेहरेसुद्धा कळेनात. हे मोडीत घालून त्यातच भर टाकून नवे करून घेऊ." यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. रीत तीच आहे. झिजलेला टाक नदीत सोडतात किंवा सोनाराला देऊन त्याच चांदीत नवा घडवतात; भाऊ वेगळे निघाले की थोरल्याकडं जुने देव राहतात आणि धाकटे नवे करून घेतात. देव तोच राहतो, चांदी बदलते.

त्या ताम्हनात भवानी होती, खंडोबा होता, आणि एक जवळजवळ सपाट झालेला टाक होता, त्यालाही सगळे खंडोबाचा घोडाच म्हणत. तो तिरप्या उन्हात धरला. एकटा स्वार. दोन हात. सूर्य, चंद्र. घोड्याच्या कानाजवळ एक बारीक उभी रेघ, चित्राशी काही संबंध नसलेली. माईच्या पदकावर अगदी त्याच जागी, त्याच लांबीची, त्याच तिरपेपणाची रेघ आहे. ठशाला गेलेला तडा होता तो. ठशाला तडा गेला की त्यावर ठोकलेल्या प्रत्येक पत्र्यावर तो उमटतो. दोन्ही टाक एकाच ठशावर, एकाच सोनाराकडं झाले होते. फक्त देव्हाऱ्यातल्या टाकावर वासरू नव्हतं. ते कलमानं काढलेलं असतं तर इतकी वर्षं घासून गेलंही असेल असं दादा म्हणाला, पण ती जागा घोड्याच्या पोटाखाली खोलात आहे, तिथं तर कुंकू जसंच्या तसं होतं. रेघ असती तर राहिली असती.

थोरल्या आत्या गावातच असतात, त्यांच्या मुलाकडं. माईची ती भाची. डोळ्यांनी कमी दिसतं, पण हाताला सगळं कळतं. मी पदक तळव्यावर ठेवलं. त्यांनी अंगठा आधी कडीवर फिरवला, चित्रावर नाही.

"माईचं हाय हे."

"हो. खंडोबा आहे का आत्या?"

"खंडोबा कामून आसंल? वीर हाय त्यो. आपला थोरला काका."

मग त्या बोलत राहिल्या. थोरला काका म्हणजे माझ्या आजोबांचा आणि माईचा थोरला भाऊ. लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. रात्री माळावरून गुरं वळून नेली कुणी तरी. गावातली चार माणसं मागं गेली, तिघं परत आली. गुरंही आली. "येक वासरू तेवढं राहिलं व्हतं मागं म्हून त्यो परत फिरला म्हनं. तिथंच घावला." बारा दिवस झाल्यावर आजोबांच्या वडिलांनी वीर करून देवात बसवला. माई तेव्हा सासरी जायची होती. तिनं हट्ट धरला, मलाबी पाहिजे. पोरीच्या जातीला वीर कुठं देतात, तो घराचा असतो, असं सगळे म्हणाले. "तर तिनं आपल्या जवळचा रुपाया काढून दिला. भावानंच दिल्याला व्हता तिला, पंचमीला. म्हनली, याचा करा."

"आणि वासरू?"

"वासरू?" आत्यांना ते ठाऊक नव्हतं. मी त्यांचं बोट त्या रेघांवर नेऊन ठेवलं. त्यांनी बराच वेळ चाचपलं आणि म्हणाल्या, "तिनंच सांगितलं आसंल. तिला आसलं लई."

गुरांसाठी झुंजून मेलेल्या माणसाची अशी खूण करणं हे आपल्या मुलखात शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. गावाबाहेर, मारुतीच्या देवळामागं, पांदीच्या कडेला, पारावर शेंदूर फासून उभे केलेले दगड आठवा. वीरगळ ते. खालच्या चौकटीत तो पडलेला असतो, पुष्कळदा शेजारी गायी असतात. त्याच्या वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला नेताहेत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. यादवांच्या काळात आणि त्याआधीही असे दगड गावोगाव उभे राहिले. गुरं हीच तेव्हा लूट होती आणि गुरं हीच दौलत. पुढं दगड घडवणारे हात कमी झाले, पण रीत गेली नाही. ती चांदीच्या पत्र्यावर आली, देव्हाऱ्यात आली, आणि सूर्य-चंद्र घेऊन आली. आमच्या घराला दगड परवडला नसता. एक रुपया परवडला. माईनं दिला तो दुसरा.

म्हणून मला वहिनींना अडवावं लागलं. त्या सपाट टाकावर आता कुणाला काही दिसत नाही, पण कानाजवळच्या त्या तड्यामुळं तोच या पदकाचा साक्षीदार आहे. तो मुशीत गेला असता तर माईचं पदक एकटं पडलं असतं, आणि आत्यांच्या मागं त्याला खंडोबा म्हणणारेच उरले असते. वहिनींनी ऐकलं. खंडोबा आणि भवानी नवे होतील, वीर जुनाच राहील. त्याला आता रोजच्या स्नानात घासायचं नाही, कुळधर्माच्या दिवशी नुसतं पाण्यातून काढून फुलं वाहायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

सराफ्यात मी काकांना विचारलं होतं की मोडीत असे किती टाक येतात. त्यांनी गल्ल्याखालचा डबा ओढून दाखवला. त्यात तुटकी जोडवी होती, वाळे होते, करंडा होता, आणि त्यांच्यात टाक. एकावर हाताचा पंजा, कोपरापासून वर काढलेला. कुठल्या तरी घरातली सती. एक पायी चालणारा ढालवाला. एका टाकावर घोड्यावर दोघं. कुठल्या गावचे, कुठल्या घरचे, ते विकायला आलेल्यांनाही सांगता आलं नव्हतं. चांदीचा भाव चढला की असे डबे भरतात. माणसांना अडचण असते, दवाखाना असतो, फी असते. टाक विकणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण मोडीला द्यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात तो एकदा द्यावा, दोन्ही बाजूंचा फोटो तिरप्या उजेडात काढावा, वजन लिहावं, आणि गावाचं नाव लिहावं. पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडच्या साध्या घरांचा इतिहास कुठल्याही दप्तरात नाही. महसुलाच्या कागदांत सारा भरणाऱ्याचं नाव सापडतं, वासरासाठी परत फिरलेल्या पोराचं सापडत नाही. काकांनी आता डब्यातले टाक आटवायच्या आधी मला फोन करायचं कबूल केलंय. मी जाते, फोटो घेते, आणणाऱ्याचं गाव त्यांना आठवत असलं तर तेही लिहून ठेवते.

पदक कुणाकडं राहणार यावर घरात थोडी चर्चा झाली. दादाचं म्हणणं, जुळा टाक आहे, दोन्ही देव्हाऱ्यात राहू देत. आत्यांनी ते साफ मोडून काढलं. "देवातला देवात ऱ्हाऊ द्या. ह्यो बाईचा हाय, बाईकडंच जाईल." त्यांनी दादाच्या मुलीचं नाव घेतलं. ती अकरावीला आहे, लातूरला शिकायला असते. तिनं पदक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो हा की रोज घातलं तर चालेल का, आणि उजळून घ्यावं लागेल का. उजळायचं नाही, एवढं मी तिला सांगितलं. काळा थर राहू दे, त्यानंच वासरू दिसतं, घासलंस तर त्या रेघा आधी जातील. घालायला हरकत नाही. मात्र कडी आत इतकी झिजली आहे की ती कधीही तुटेल. काका म्हणाले, जुनी काढून नवी डाग देऊन बसवतो. मी नको म्हटलं. माईच्या दोऱ्याची चर त्या कडीतच आहे. तिला हात न लावता तिच्यात चांदीचं एक मोठं वळं घालायचं, साखळी त्या वळ्यात ओवायची, असं ठरलंय. पुढच्या शनिवारी पोरगी सुट्टीला आली की तिच्या मापाची साखळी घ्यायची आहे.